दोन लाखांचा टॉवर, एक लाखाचं सभागृह : मुंबई विद्यापीठातल्या दोन नावांचं प्रकरण

मुंबईत ओव्हल मैदानाच्या पूर्वेला विद्यापीठाचं फोर्ट संकुल आहे. गेल्या दीडशे वर्षांत या संकुलाच्या भोवतालची नावं एकेक करून बदलत गेली. मैदानाच्या बाजूचा मेयो रोड कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग झाला, मागचा एस्प्लनेड रोड महात्मा गांधी रोड झाला, शहराचं इंग्रजी नाव बदललं आणि सप्टेंबर १९९६ मध्ये विद्यापीठाचंही. आतल्या दोन मुख्य इमारतींची नावं मात्र पहिल्या दिवसापासून तीच आहेत : सर कावसजी जहांगीर सभागृह आणि राजाबाई टॉवर.

दोन्ही नावं देणगीतून आली. देणग्यांमध्ये जेमतेम वर्षभराचं अंतर होतं, दोन्ही इमारतींचा आराखडा एकाच वास्तुशिल्पकाचा, आणि दोन्ही एकमेकींना लागून उभ्या आहेत. तरीही एक नाव मुंबईतल्या टॅक्सीवाल्याला ठाऊक आहे, दुसऱ्याबाबत पदवीधरांचाही गोंधळ होतो, आणि ज्यानं सर्वांत जास्त पैसे दिले त्याचं स्वतःचं नाव कुठल्याच इमारतीला नाही. महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या समितीवर बसून जे इमारतींना नावं देतात, त्यांनी हे प्रकरण बारकाईनं पाहावं असं आम्हाला वाटतं. नाव देण्याच्या कामात चुका कुठे होतात, त्या बहुतेक सगळ्या इथे सापडतात.

स्वतःची इमारत नसलेलं विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ चा. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्ता आणि सप्टेंबरात मद्रास विद्यापीठ स्थापन झालं. तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी. शिकवण्याचं काम संलग्न महाविद्यालयांचं. त्यामुळे सुरुवातीला वर्गखोल्यांची गरज नव्हती आणि स्वतःची जागाही नव्हती. पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, पहिले बी. ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे होते. पदवीदान समारंभ टाऊन हॉलमध्ये होत असे.

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि इमारतींचा प्रश्न सुटू लागला. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मैदानाच्या कडेला सलग जमीन मोकळी झाली. दुसरीकडे, १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि पश्चिम भारतातल्या कापसाचे भाव भडकले. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती अवघ्या चार वर्षांत अफाट रोकड आली. पुढच्या दोन्ही देणग्या याच चार वर्षांतल्या आहेत.

पहिली देणगी : खर्चाचा चौथा हिस्सा, नाव पूर्ण

१८६३ मध्ये कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी विद्यापीठाच्या सभागृहासाठी १ लाख रुपये देऊ केले. जन्म १८१२, नवसारीचं पारशी घराणं. रेडीमनी हे आडनाव पडलं ते पूर्वज रोख रक्कम तत्काळ उभी करून देत म्हणून. मुंबईत प्राप्तिकराचे आयुक्त म्हणून त्यांना नेमलं होतं. त्यांनी शहरात पिण्याच्या पाण्याची कारंजी बांधून दिली, नेत्र रुग्णालयासाठी पैसे दिले. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्येही त्यांच्या खर्चानं १८६९ मध्ये उभं राहिलेलं कारंजं आहे. एक तपशील लक्षात ठेवावा : त्यांना ‘सर’ हा किताब १८७२ मध्ये मिळाला. देणगी दिली तेव्हा ते नुसते कावसजी जहांगीर होते.

सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झालं. खर्च सुमारे ३ लाख ७९ हजार. म्हणजे देणगीचा वाटा साधारण २६ टक्के. बाकीचा भार सार्वजनिक पैशावर. आजच्या कुठल्याही समितीत ‘चौथा हिस्सा देणाऱ्याला पूर्ण इमारतीचं नाव का?’ असा प्रश्न निघेल, आणि तो रास्त आहे. पण १८६३ मधली परिस्थिती पाहावी लागते. विद्यापीठाकडे तेव्हा आराखडा नव्हता आणि पैसाही नव्हता. या एक लाखामुळे सभागृहाचा विषय कागदावरून हलला. पहिल्या देणगीला तिच्या आकड्यापेक्षा जास्त किंमत असते ती यासाठी. मात्र अशी सवलत द्यायची तर ती जाणूनबुजून, कारण नोंदवून द्यावी. पुढचा देणगीदार तोच दाखला पुढे करतो.

सभागृहाची मापं सांगण्यासारखी आहेत. लांबी १०४ फूट, रुंदी ४४ फूट, छताच्या टोकापर्यंत उंची ६३ फूट. तीन बाजूंनी सज्जा. दर्शनी भिंतीत २० फूट व्यासाची चक्राकार खिडकी आणि तिच्या रंगीत काचांत बारा राशी. कावसजींचं निधन १८७८ मध्ये झालं, म्हणजे आपल्या नावाचं सभागृह वापरात आलेलं त्यांनी पाहिलं. थॉमस वुलनर यांनी घडवलेला त्यांचा बैठा पुतळा विद्यापीठाच्या आवारात आहे.

दुसरी देणगी : दोन पत्रं, दोन हेतू

प्रेमचंद रायचंद हे सुरतेचे जैन, शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत, धंदा कापसाचा आणि शेअर दलालीचा. १८६४ च्या ऑगस्टअखेरीस त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले. सहा आठवड्यांच्या आत, ऑक्टोबरात, आणखी २ लाख दिले. हे दुसरे पैसे मनोऱ्यासाठी : त्यात मोठं घड्याळ आणि घंटांचा संच असावा आणि मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं.

या दोन देणग्यांची रचना आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. प्रेमचंदांनी चार लाखांची एकच थैली देऊन ‘योग्य वाटेल ते बांधा’ असं म्हटलं नाही. प्रत्येक रकमेला वेगळा हेतू जोडला. दुसऱ्या रकमेचा हेतू तर वस्तूच्या पातळीवर उतरवला : मनोरा, घड्याळ, घंटा, नाव. हेतू इतका नेमका असला की पुढे पैसे कमी पडले तरी काय कापायचं आणि काय नाही यावर वाद राहत नाही. घड्याळाशिवाय मनोरा बांधला असता तर अटीचा भंग झाला असता.

ग्रंथालयाला मात्र त्यांनी स्वतःचं नाव मागितलं नाही. तसंच त्यांनी इतरत्रही केलेलं दिसतं. सुरतेतली कन्याशाळा त्यांनी वडिलांच्या, रायचंद दीपचंद यांच्या नावानं काढली.

१ जुलै १८६५

दुसऱ्या पत्रानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल १८६५ मध्ये, अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले. मुंबईत तोवर बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांवर मुदतीचे सौदे (भाव आधी ठरवून व्यवहार पुढच्या तारखेला पुरा करण्याचे) झाले होते आणि त्यांची पूर्ती १ जुलैला होती. ती झाली नाही. बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपनीच्या शेअरांचे कागद झाले, बँक ऑफ बॉम्बे डबघाईला येऊन पुढे गुंडाळावी लागली, आणि या तेजीचे सूत्रधार मानले गेलेले प्रेमचंद रायचंद दिवाळ्यात निघाले.

आता देणगीचं काय झालं ते पाहा. मनोऱ्याचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला गेला आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. देणगीदार बुडाल्यानंतर चार वर्षांनी काम सुरू झालं! याचं कारण साधं आहे. रक्कम नुसती जाहीर झाली नव्हती, दिली गेली होती. ग्रंथालय आणि टॉवर मिळून खर्च ५ लाख ४७ हजारांच्या घरात गेला. मुद्दल ४ लाख धरलं तरी प्रेमचंदांचा वाटा ७३ टक्के भरतो. हीच देणगी ‘पाच वर्षांत समान हप्त्यांनी’ अशी असती, तर १८६५ नंतरचा एकही हप्ता आला नसता, आणि आज त्या जागी ग्रंथालय असतंच तर मनोरा नसता.

आज अनेक संस्था पहिल्या हप्त्यातच कोनशिला बसवतात. नाव कोरलं जातं, समारंभ होतो, छायाचित्रं निघतात आणि उरलेले हप्ते थांबतात. मग संस्थेपुढे दोनच वाटा उरतात, दोन्ही वाईट : नाव काढून अपमान करणं किंवा नाव ठेवून फुकट देणं. कोनशिलेवर नाव कोरण्याआधी ठरलेली रक्कम पूर्ण जमा झालेली असावी, हा नियम १८६५ च्या मुंबईनं शिकवलेला आहे.

बांधकाम, आणि ज्यांचं नाव राहिलं नाही

दोन्ही इमारतींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते मुंबईत कधी आले नाहीत. नकाशे इंग्लंडहून आले आणि काम इथल्या अभियंत्यांनी, गवंड्यांनी, पाथरवटांनी उभं केलं. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड, कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडीचा दगड. पोरबंदरी दगड खाणीतून काढल्यावर छिन्नीला सोपा जातो, म्हणून नक्षीसाठी तो निवडला गेला. पण मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि पावसात तोच आधी झिजतो.

ग्रंथालयाच्या पश्चिमेला, घोडागाडी उभी राहण्याच्या कमानदार देवडीवर टॉवर चढवला आहे. उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. पहिल्या सज्जापर्यंत, ६८ फुटांपर्यंत तो चौकोनी आहे, तिथून वर अष्टकोनी होतो. घड्याळाच्या तबकडीचा व्यास साडेबारा फूट. घंटा सोळा, त्यांतली सर्वांत मोठी तीन टनांची. ग्रंथालयाचं वरचं वाचनदालन १४६ फूट लांब आणि ३० फूट रुंद.

टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. त्यांचे नमुने तयार केले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते कामावरचे सहायक अभियंता होते. पुतळे पोरबंदरी दगडात जागेवरच कोरले गेले. खालून जाणाऱ्या माणसांचेच चेहरे इतक्या उंचीवर बसवणारा हा अभियंता. पण संकुलातल्या एकाही दालनाला, जिन्याला किंवा फलकाला त्याचं नाव ठळकपणे जोडलेलं नाही. देणगीदार आणि वास्तुशिल्पक यांच्यामध्ये काम करणारा माणूस नामकरणाच्या हिशेबात नेहमीच गळतो. आम्हाला ही उणीव मनापासून खटकते. ती भरून काढायला इमारतीचं नाव बदलावं लागत नाही, एक नीट लिहिलेली पाटी पुरते.

एक नाव तोंडी का बसलं

‘राजाबाई टॉवर’ लोकांच्या बोलण्यात रुजलं त्याला तीन कारणं दिसतात. पहिलं, नाव दोनच शब्दांचं आणि त्यातला पहिला शब्द मराठी, गुजराती, हिंदी बोलणाऱ्याला घरचा. दुसरं, नाव एका दिसणाऱ्या वस्तूला चिकटलेलं आहे. टॉवर दुरून दिसतो, घड्याळ पाहावं लागतं, ठोके ऐकू येतात. वापराच्या वस्तूचं नाव रोज घेतलं जातं. तिसरं, त्या नावाची दुसरी वस्तू शहरात नाही.

त्यात एका कथेची भर पडली. राजाबाईंना दिसत नव्हतं, जैन असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे, वेळ कळावी म्हणून मुलानं घंटा बसवल्या, असं सांगतात. कथा गोड आहे, पण ती ऐकीव म्हणूनच सांगावी. प्रेमचंदांचं घर, प्रेमोद्यान, भायखळ्याकडे. तिथून टॉवर काही किलोमीटर दूर. देणगी आणि टॉवर पूर्ण होणं यांत चौदा वर्षं गेली. अधिकृत फलकावर ही कथा घालायची असेल तर ‘असं सांगतात’ हे शब्द गाळू नयेत.

नावाला दुःखाची बाजूही आहे. १८९१ मध्ये दोन पारशी तरुणी टॉवरवरून पडून मृत्यू पावल्या आणि तो खटला फार गाजला. नंतरही उंचीचा दुरुपयोग झाल्यानं वर जाण्याची वाट सर्वसामान्यांसाठी बंद झाली. आईच्या स्मरणार्थ दिलेलं नाव वर्तमानपत्रांत अशा बातम्यांसोबत येत राहिलं. इमारतीला व्यक्तीचं नाव देताना हा धोका कुणी मोजत नाही. सज्ज्याचे कठडे, गच्चीचं कुलूप आणि पहारा यांची तजवीज हीसुद्धा त्या नावाची राखणच असते.

कावसजी जहांगीर, पण कोणते?

सभागृहाच्या नावाचं उलट झालं. १८७८ मध्ये पहिले सर कावसजी जहांगीर गेले. त्यांचे दत्तक पुत्र जहांगीर यांना १९०८ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला आणि तेही सर कावसजी जहांगीर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या देणगीतून रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला लागून कावसजी जहांगीर पब्लिक हॉल झाला. त्या वास्तूत आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. त्यांचे पुत्र, दुसरे बॅरोनेट, पुन्हा सर कावसजी जहांगीर. त्यांच्या साहाय्यानं १९५२ मध्ये काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी उघडली, तिला नाव त्यांच्या दिवंगत मुलाचं. शिवाय जे. जे. रुग्णालयाच्या आवारातलं नेत्र रुग्णालय आहेच, ते पहिल्या कावसजींचं.

म्हणजे चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात एकाच घराण्याची तीन वास्तूंना तीन नावं, आणि त्यांत तीन पिढ्यांची वेगवेगळी माणसं. दोन वास्तू तर चक्क ‘हॉल’. पाहुणा पदवीदानाचं निमंत्रण घेऊन संग्रहालयाच्या दारात जातो तो उगाच नाही. लेखांमध्ये १८६३ ची देणगी नातवाच्या नावावर आणि नातवाचं राजकारण आजोबांच्या नावावर पडतं. लोकांनी यावर त्यांचा उपाय काढला : ‘कॉन्व्होकेशन हॉल’ किंवा ‘दीक्षांत सभागृह’ म्हणायचं आणि नाव सोडून द्यायचं.

चूक कुठे झाली? मूळ नावातून ‘रेडीमनी’ गळलं तिथे. ते आडनाव राहिलं असतं तर हा गोंधळ झालाच नसता. फलकावर जन्म-मृत्यूची सालं (१८१२–१८७८) असती तरी पुष्कळ भागलं असतं. नुसतं ‘सर’ लावून ओळख पटत नाही, कारण सर तिघेही होते.

बदललेली नावं आणि न बदललेली

१९९० च्या दशकात मुंबईतली राजघराण्याशी जोडलेली नावं गेली. व्हिक्टोरिया टर्मिनस छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था झाली. तिथे नव्या नावाची आद्याक्षरं जुन्याशी जुळवली. त्यामुळे विद्यार्थ्यांची ‘व्हीजेटीआय’ जशीच्या तशी राहिली आणि जुन्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रांशी नातं तुटलं नाही. नाव बदलण्याच्या कामातला हा फार शहाणपणाचा नमुना आहे.

राजाबाई आणि कावसजी या लाटेत का सापडले नाहीत? ती इथल्या माणसांची नावं होती, हे खरं. पण त्याहून महत्त्वाचं असं की त्या नावांमागे ठरलेला व्यवहार होता : इतके पैसे, या कामासाठी, या नावानं. राणीचं नाव आदर म्हणून दिलं गेलं होतं; आदर ओसरला की ते बदलता येतं. अटीवर घेतलेल्या देणगीचं नाव पुसणं म्हणजे घेतलेला शब्द मोडणं. कोणतीही संस्था हे सहज करत नाही, कारण पुढचा देणगीदार पाहत असतो.

पैसा कुठून आला होता

हा प्रश्न टाळून चालणार नाही. रेडीमनी घराण्याची आधीची संपत्ती चीनशी होणाऱ्या व्यापारातली, आणि त्या काळात मुंबईचा चीनशी व्यापार म्हणजे मुख्यतः अफू आणि कापूस. प्रेमचंदांच्या व्यवहारातही अफू होती. १८६४ चा पैसा तर अमेरिकेतल्या युद्धामुळे चढलेल्या भावांचा आणि पुढे हजारो घरं बुडवणाऱ्या सट्ट्याचा.

येल विद्यापीठात २०१७ मध्ये कॅलहून कॉलेजचं नाव बदलून संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं दिलं गेलं. जॉन कॅलहून हे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते आणि गुलामगिरी चांगलीच आहे असं उघड मांडत. बदलापूर्वी तिथल्या समितीनं काही कसोट्या ठरवल्या. त्या व्यक्तीचा मुख्य वारसा विद्यापीठाच्या ध्येयाच्या मुळावर येतो का? तिच्या हयातीतच त्या वारशाला जोरदार विरोध होता का? नाव देताना विद्यापीठानं गौरव नेमका कशाचा केला? आणि त्या इमारतीत विद्यार्थ्यांचं एकत्र जीवन घडतं का?

या कसोट्या फोर्टला लावून पाहिल्या तर उत्तरं बरीच स्पष्ट येतात. कावसजींचा मुख्य वारसा दानधर्म आणि सार्वजनिक सोयी हाच आहे. अफूच्या व्यापाराला त्या काळीही इंग्लंडमध्ये विरोध करणारे होते, ही बाजू झाकू नये. पण विद्यापीठानं गौरव केला तो सभागृहाच्या देणगीचा. तो व्यापार चांगला असा निर्वाळा त्यानं दिला नाही. राजाबाईंचं नाव तर व्यापाऱ्याच्या आईचं. आमचं मत असं की नावं राहावीत आणि पैशाचा उगम फलकावर दोन ओळींत लिहावा. लपवलेला उगम पन्नास वर्षांनी आरोप म्हणून बाहेर येतो.

देणगीदाराचं नाव दुसऱ्या गावात

प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही २ लाख रुपये दिले होते. तिथे इमारत झाली नाही, त्या पैशाच्या व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळवणारे विद्वान पदवीपुढे ‘पी. आर. एस.’ लावत. शिवाजी महाराजांच्या आणि औरंगजेबाच्या इतिहासाचे अभ्यासक जदुनाथ सरकार यांना ती १८९७ मध्ये मिळाली. म्हणजे मुंबईत आईचं नाव दगडात आणि कलकत्त्यात मुलाचं नाव विद्वानांच्या सहीत. देणगीदाराला पर्याय सुचवताना आपल्या संस्था इमारतीपलीकडे जात नाहीत. खरं तर छोट्या देणगीला शिष्यवृत्ती जास्त मानवते. तिला गळती लागत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या कलिन्यातल्या संकुलात, विद्यानगरीत, दुसरी पद्धत दिसते. रानडे भवन, टिळक भवन, ज्ञानेश्वर भवन, महात्मा फुले भवन, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. ही गौरवाची नावं आहेत. त्यांत रानड्यांचा विद्यापीठाशी थेट संबंध, पहिल्या तुकडीचे पदवीधर म्हणून. पण बाकी नावं प्रत्येक शहरात, प्रत्येक महाविद्यालयात आहेत. पत्ता सांगताना ‘कुठलं टिळक भवन?’ हे विचारावंच लागतं. आपल्याच संस्थेत शिकलेल्या, शिकवलेल्या माणसाचं नाव आधी शोधावं, असं आम्ही समित्यांना आवर्जून सांगू.

आज ठराव लिहायचा झाला तर

राज्य विद्यापीठात देणगी स्वीकारण्याचा विषय व्यवस्थापन परिषदेपुढे येतो. महाविद्यालयात तो संस्थेच्या नियामक मंडळापुढे. ठरावात पूर्ण नाव आडनावासकट देवनागरीत आणि रोमन लिपीत कसं लिहायचं ते ठरवून टाकावं, नाहीतर दहा वर्षांत एकाच इमारतीच्या पाट्यांवर तीन वर्तनी दिसतात. जन्म-मृत्यूची सालं, देणगीदाराशी नातं, रक्कम, हेतू आणि एकूण खर्चातला वाटा हे त्याच ठरावात यावं. इमारत पाडावी लागली तर नाव नव्या इमारतीला जाईल की संपेल, हेही आधीच लिहावं. हे कलम घालायला देणगीदार कुरकुरतो, पण घालावंच. पुनर्विकासाच्या वेळी वारस कोर्टात जातात ते याच मुद्द्यावर.

देखभालीचा निधी वेगळा मागावा. आमचा अंदाज बांधकाम खर्चाच्या निदान दहा टक्क्यांचा. दहा कोटींच्या इमारतीला एक कोटी ठेव, सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला सात लाख. एवढ्यात गच्चीची गळती, रंग आणि पाट्या निभावतात, मोठा जीर्णोद्धार निभावत नाही. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाचा जीर्णोद्धार २०१५ मध्ये पूर्ण झाला तो टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या अर्थसाहाय्यानं, इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकारानं. २०१८ मध्ये त्याला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख मिळाला. त्याच वर्षी हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. टॉवरचं नाव अर्थातच राजाबाईंचंच राहिलं. दुरुस्तीसाठी पैसे देणाऱ्याचा उल्लेख दारापाशी वेगळ्या पाटीवर व्हावा, मूळ नावाच्या शेजारी जोडनाव म्हणून कधीच नको.

फलक

फोर्ट संकुलातल्या तीन नावांसाठी मजकूर इतका पुरे :

‘सर कावसजी जहांगीर रेडीमनी (१८१२–१८७८) यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीनं (१८६३) सुरू झालेलं सभागृह. पूर्ण १८७४.’

‘राजाबाई टॉवर. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी २ लाख आणि टॉवरसाठी २ लाख रुपये दिले. टॉवरला त्यांच्या आईचं नाव. बांधकाम १८६९–१८७८.’

‘टॉवरवरील २४ पुतळ्यांचे नमुने : रावबहादूर मुकुंद रामचंद्र, सहायक अभियंता.’

अशा वारसा-वास्तूवर साधी पाटीसुद्धा वारसा समितीच्या मंजुरीशिवाय लागत नाही, आणि ते योग्यच आहे. शक्यतो फलक भिंतीवर लावूच नये, आवारात स्वतंत्र खांबावर उभा करावा. भिंतीवरच लावायचा असेल तर भोक दगडात न पाडता दोन दगडांमधल्या सांध्यात पाडावं; सांधा पुन्हा भरता येतो, दगड नाही. खिळे लोखंडी नकोत. लोखंड गंजलं की फुगतं आणि चुनखडीचा दगड आतून फोडतं. पितळी किंवा उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. भोक भरायला सिमेंट वापरू नये. ते दगडापेक्षा कडक, ओल अडवून धरतं आणि त्यातले क्षार शेजारच्या दगडाचे पापुद्रे काढतात. चुन्याचा मसाला वापरावा, आणि फलक भिंतीपासून बोटभर पुढे ठेवावा, म्हणजे पावसाचं पाणी मागून निथळून जातं.